बत्तीसचं सॉफ्टवेअर, चौसष्टचा ड्रायव्हर

प्रगती मागे वळून पाहत नाही, असं अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्याचे शेठ नव्या कॉम्प्युटरला हार घालताना म्हणाले होते. तिसऱ्या दिवशी त्यांचा मला, म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला, फोन आला. प्रगतीला मागचं काहीच दिसत नव्हतं.

मी पोहोचलो तेव्हा सीपीयूवर कुंकवाचं स्वस्तिक अजून ताजं होतं. लॅबच्या कांबळे मॅडमपुढे शेठचा एक मेमो पडला होता: अकरा वर्षांचे टेस्ट रेकॉर्ड्स डिलीट का केले, आजच्या आज लेखी खुलासा द्या. नव्या मशीनवर तोवर छापलेला हा एकच कागद.

"मी नुसतं सॉफ्टवेअर उघडलं हो," मॅडम म्हणाल्या. "तर 'नो रेकॉर्ड्स' आलं."

"साईं, पुराने में सब था," शेठ म्हणाले. "डब्बा बदला, माल गायब. हाथ किसका लगा? मॅडम का."

मी डेटाबेसची फाईल शोधली. जुन्या मशीनवर होती तेवढीच मोठी होती. डबल-क्लिक केलं, तर नव्या एमएस ऑफिसमध्ये निमूट उघडली. अकरा वर्षं जागेवर होती.

सॉफ्टवेअर आणि डेटाबेस यांच्यामध्ये ड्रायव्हर नावाचा दुभाषा असतो. सॉफ्टवेअर बत्तीस बिटचं, म्हणजे जुन्या पिढीचं, असेल तर दुभाषाही बत्तीसचाच लागतो; चौसष्ट ही नवी पिढी. कॉम्प्युटर बत्तीस आणि चौसष्ट दोन्ही चालवतो, पण त्यांचं आपसात जमत नाही. लॅबचं सॉफ्टवेअर होतं बत्तीसचं, ड्रायव्हर चौसष्टचा. त्यात सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने कुठल्याही अडचणीला एकच मेसेज ठेवलेला: 'नो रेकॉर्ड्स'.

"बत्तीस का ड्रायव्हर किसने निकाला?" मी विचारलं.

"डाला ही नहीं!" शेठ अभिमानाने म्हणाले. "उल्हासनगरवाले डीलर को साफ बोला था, नई मशीन में पुराना कुछ नहीं चाहिए. सब चौसठ."

चौसष्टचं ऑफिस असताना बत्तीसचा ड्रायव्हर इन्स्टॉल व्हायला तयार होईना. म्हणून आधी ऑफिस काढलं, तेही बत्तीसचं टाकलं, मग ड्रायव्हर. सॉफ्टवेअर उघडलं. रेकॉर्ड्स आले.

"मिल गया!" शेठ म्हणाले.

"हरवलं कधी होतं?" मॅडम म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "तेवढं लिहून द्या."

मी सर्व्हिस रिपोर्ट भरला: डेटा डिलीट झालेला नाही. शेठनी सही केली आणि मेमोकडे हात नेला. "फाड देते हैं ना, मॅडम."

"का? खुलासा मागितलाय ना?"

मॅडमनी रिपोर्ट मेमोला स्टेपल केला आणि फाईलला लावला. रिपोर्टात 'बिघाडाचं कारण' असा एक रकाना असतो. तिथे मी लिहिलं होतं: सगळं नवीन.