मोऱ्याची निशा आणि मानाचे वाटे

निशाला कुणी ‘जरा हळू बोल’ म्हटलं की ती आणखी मोठ्याने बोलते. मोरा बंदरातल्या कोळीवाड्यातली पोर ती, हळू बोलणार कुठून? पनवेलच्या हरेशशेठने तिला आपल्या इमारतींचे नकाशे काढणाऱ्या ऑफिसात संगणक सांभाळायला घेतलं, आणि वर्षभरात तिने शेठलाच कामाला लावलं.

टेबलांवरची जडशीळ मशिनं काढायला लावली ती निशानेच. सगळं काम आतल्या खोलीतल्या एका सर्व्हरवर, टेबलावर नुसता पडदा. त्यामुळे रोडपालीची अंकिता तान्ह्या बाळाला सांभाळून घरूनच काम करू लागली. चित्रं उमटवण्याची ताकद मात्र सर्व्हरमधल्या दोन ग्राफिक्स कार्डांत, आणि त्यांच्या मेमरीचे वाटे ज्याला त्याला नेमून दिलेले. एकाचा वाटा पडून राहिला तरी दुसऱ्याला मिळत नाही.

वाटे ठरवताना घोळ झाला. आपल्याकडे जत्रेत पहिला नारळ कुणाचा हे आधी ठरतं, देवाचं नंतर. तसंच इथे. मोठे वाटे आधी शेठला, मग जुन्या गणूकाकांना, मग हिशेब बघणाऱ्या वसुंधराबाईंना. अंकिता सगळ्यांत नवी, म्हणून तिला उरलंसुरलं. आणि न बांधलेल्या इमारतीत पडद्यावर आतून फिरवून आणायचं तिनेच! निशाला हे तेव्हाच खटकलं होतं, पण मोठ्यांचा मान कोण मोडणार म्हणून ती गप्प बसली. आयुष्यात एकदाच गप्प बसली आणि तेच नडलं.

अंकिताचा पडदा सारखा गोठायला लागला. शेठ तडकला.

“सोमवारी गिऱ्हाईक पार्टी येतेय. तवा अडकलं तर जुनी मशिनं परत आणतो. अंकिताला हितं येऊन बसावं लागंल. जमत नसंल तर नाय.”

बाळाला टाकून अंकिता येणार नव्हती, म्हणजे तिची नोकरी गेल्यात जमा. निशाला स्वतःचाच संताप आला. रोज ती सर्व्हरच्या एकूण वापराची सरासरी बघायची आणि ती झकास दिसायची. आता तिने एकेकाचा वापर वेगळा काढला, तोही ऐन कामाच्या वेळेचा. मग हसावं की रडावं तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी तिने शेठला भिंतीवरच्या पडद्यावर आलेख दाखवला. नावं झाकलेली. एक रेघ छताला धडकलेली, एक जमिनीवर आडवी.

“ह्यो कोण?” शेठने आडव्या रेघेवर बोट ठेवलं. “येवढा वाटा घेऊन झोपलाय. काढा त्याचा.”

“तुमी, शेठ.”

“मी?”

“तुमी मेल बघता नि भाच्याच्या लग्नाचे फोटो. त्याला येवढं लागत नाय. छताला लागलेली अंकिता हाय.”

शेठ रेघेवरचं बोट काढून मागे सरला. मग पोट धरून हसला. “बापाने मिठागरं राखली, नि मी रिकामा वाटा राखीत बसलो. घे काढून.”

एका कार्डाचे सगळे वाटे सारख्याच मापाचे कापावे लागतात. म्हणून निशाने एका कार्डाचे बारीक वाटे केले, शेठपासून मेल, हिशेब नि सपाट नकाशे एवढंच करणाऱ्या सगळ्यांसाठी. दुसऱ्याचे मोजकेच मोठे, अंकिता आणि तिच्यासारखं काम करणाऱ्यांसाठी. गणूकाका रुसले. शेठने स्वतःचा बारीक वाटा दाखवल्यावर त्यांनी रुसवा गिळला.

सोमवारी पार्टी आली. रोडपालीहून अंकिताने त्यांना जिन्याने वर नेलं, स्वयंपाकघर दाखवलं, गच्चीवर उभं केलं. पाहुण्यांनी मधेच संध्याकाळचा उजेड मागितला, तिने तिथल्या तिथे दिला. निशाची नजर बाजूच्या लॅपटॉपवर. अंकिताची रेघ चढत गेली, वाट्याच्या कडेपाशी पोचली आणि तिथेच निवांत चालत राहिली. पडदा एकदाही अडला नाही.

पार्टीने इमारत पसंत केली. त्यांना खाली सोडून शेठ वर आला आणि निशाचा फोन घेऊन त्याने स्वतः अंकिताला लावला.

“मशिनं परत येत नाय गो,” तो म्हणाला. “तू घरीच बस नि काम कर.”

पलीकडून आधी बाळाचं रडणं ऐकू आलं, मग अंकिताचंही.