एका खणाची दोन नावे

इर्मेली हापाकोस्कीने एकतीस वर्षे ओउलू शहरातली घरे उबदार ठेवली, आणि त्यातल्या एकाही घराला तिचे नाव ठाऊक नव्हते. जमिनीखालच्या नळांतून घरोघरी फिरणारे पाणी किती गरम असावे, हे पंपाला सांगणारा प्रोग्रॅम तिच्या हातचा. काम कसले, ती तिची उपासनाच होती. रविवारी चर्चच्या बाकावर ज्या निष्ठेने ती स्तोत्र म्हणे, त्याच निष्ठेने सोमवारी कोडच्या ओळी वाची; एक ओळ गाळायची नाही, एक शब्द गिळायचा नाही.

असे हे सरळ, स्थिर मन त्या फेब्रुवारीत डगमगले. तळघरातल्या चाचणीच्या पंपाला तिने बासष्ट अंश सांगितले, आणि पंप पंचावन्नावर अडून बसला. पडद्यावर एका नावाने पाहिले, बासष्ट. दुसऱ्या नावाने पाहिले, पंचावन्न. डोळे मिटले, उघडले. संगणकाच्या स्मृतीत तो आकडा ठेवायचा खण एकच, क्षण एकच, आणि आकडे दोन.

खण एकच होता, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक असणार? सगळ्या प्रोग्रॅमांनी मिळून वापरायच्या लायब्ररीत तो तिनेच केला होता आणि त्याला 'आसेतुस', म्हणजे 'नेमलेले माप', म्हटले होते. पुढे 'तावोइते', म्हणजे 'गाठायचे माप', हे नवे नाव रुळले; पण जुन्या नावाने हाक मारणारे प्रोग्रॅम अडू नयेत, म्हणून तिने तेही राखले. देवाला कोणत्याही नावाने आळवावे आणि ओ देणारा एकच असावा, तसा तो खण दोन्ही नावांना ओ देई. मग आज एका नावाला बासष्ट आणि दुसऱ्याला पंचावन्न, हे कसे?

तिने लायब्ररीत दोन्ही नावांचे पत्ते, म्हणजे ती कोणत्या खणाकडे नेतात ते, तपासले. सारखे. चालत्या प्रोग्रॅममध्ये तपासले. वेगळे. पुन्हा लायब्ररीत गेली. सारखेच. सगळे कागदावर लिहून ठेवले, आणि जेवून आल्यावर आपल्याच अक्षरावर तिचा विश्वास बसेना. आईचेही असेच सुरू झाले होते. ओतलेली कॉफी समोर वाफाळत असे आणि आई म्हणे, मला अजून दिलीच नाहीस. इर्मेलीने कोणालाही न सांगता दवाखान्यात स्मरणशक्तीच्या तपासणीची वेळ घेतली, शुक्रवारी अकराची. तपासणीत काही निघाले, तर एकतीस वर्षांची उपासना सुटणार. आणि काही न निघाले, तर हे दोन आकडे आले कुठून?

गुरुवारी कॉफीच्या वेळी तिने सहकारी सुलेवीला गाठले. प्रोग्रॅम आणि लायब्ररी यांची गाठ घालून देणारे साधन, लिंकर, त्याच्याकडे होते.

"सुलेवी, एका खणाला दोन पत्ते असू शकतात?"

"मंगळवारीही हेच विचारलंस. कालही."

"हो, आणि दोन्ही दिवशी तू हसलास."

"मग काय करू? सुट्टी घे, बाई. सॉनाच्या वाफेत बस, डोकं जरा सैल होईल."

"तुझ्याजवळ बसण्यापेक्षा पंपाजवळ बसलेली बरी, तो टोमणे मारत नाही. तू खाली चल. दोन आकडे दिसले तर दोन म्हण, एक दिसला तर एक. खोटा धीर देऊ नकोस."

सुलेवी हातातला गोड पाव खात खाली आला. पडद्यावर वाकला. चावणे थांबले.

"दोन आहेत," तो म्हणाला.

इर्मेलीने आपला लिहिलेला कागद काढून त्याच्यापुढे धरला.

"कधीपासून?" त्याने विचारले.

"सोमवारपासून."

सुलेवीचा चेहरा उतरला. "सोमवारी मी लिंकर बदलला. तुझा प्रोग्रॅम जुन्या पद्धतीचा, त्याला खणाचा पत्ता आधीच ठरलेला लागतो. म्हणून लिंकर प्रोग्रॅमच्याच घरात नवा खण राखून ठेवतो. प्रोग्रॅम सुरू होताना लायब्ररीतला आकडा त्यात उतरतो, आणि तिथून पुढे सगळ्यांसाठी तावोइते म्हणजे हा नवा खण."

"आणि आसेतुस?"

"जुन्या पत्त्यावरची सगळी नावं हुडकून बरोबर न्यायची असतात. मी प्रोग्रॅमने मागितलं तेवढंच नेलं. वाटलं, न मागितलेल्या नावांनी यादी कशाला फुगवा."

"म्हणजे मी नव्या खणात बासष्ट ठेवतेय, आणि लायब्ररीतला पंप चालवणारा भाग आसेतुस म्हणत जुन्या खणात हात घालतोय."

"आणि तिथे पंचावन्नच पडून आहे." त्याने उरलेला पाव बाजूला ठेवला. "मला वाटलं, तू म्हातारी झालीस."

"ते खुशाल वाटू दे. नावं मात्र सगळी ने."

संध्याकाळपर्यंत त्याने लिंकर पूर्ववत केला आणि नवी गाठ घातली. इर्मेलीने त्यालाच दोन्ही आकडे मोठ्याने वाचायला लावले. बासष्ट. बासष्ट. मग तिने पंपाच्या नळावर तळहात ठेवला आणि चटका बसेपर्यंत काढला नाही.

वर येऊन तिने दवाखान्यात फोन लावला. उद्याची वेळ रद्द करायची आहे, म्हणाली. पलीकडच्या बाईंनी कारण विचारले.

"गोंधळ माझ्यात नव्हता," इर्मेली म्हणाली, आणि क्षणभर थांबून, खोटे बोलायची सवय नसल्यामुळे, पुढे म्हणाली, "या वेळचा तरी."