सेन्सर बंद असलेली प्रेस

प्रेसचा ठोका नेहमीपेक्षा जलद पडत होता. मी धावत जाऊन इमर्जन्सी बटण दाबलं. मशीनवरच्या मंगलताईंची बोटं डायपासून, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या साच्यापासून, वीतभर लांब होती.

मी कोरेगाव भीमाजवळच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. गाड्यांचे पत्र्याचे पार्ट बनतात. प्रेससमोर लाइट कर्टन असतो, म्हणजे सेन्सरचा, न दिसणाऱ्या किरणांचा पडदा. हात आत गेला की प्रेस जागीच थांबते. प्रेस मध्येमध्ये थांबू नये म्हणून शिफ्ट इनचार्जनं तो किल्ली फिरवून बंद केला होता. मंदीत अर्ध्या कॉन्ट्रॅक्टवाल्यांना ब्रेक, म्हणजे बिनपगारी सक्तीची सुट्टी, मिळाला होता. एकच मोठी ऑर्डर उरली होती आणि टार्गेट जुनंच होतं.

मंगलताई मांडवगणच्या. ब्रेक मिळालेल्यांत त्यांचा नवराही होता. सेन्सर बंद आहे हे त्यांना ठाऊक होतं.

"सर, प्रेस चालू करा. हात गेला तर माझा जाईल. काम गेलं तर घरात कुणाचंच ऱ्हानार न्हाई," त्या हळूच म्हणाल्या.

मी मेन स्विचला माझं कुलूप लावलं. किल्ली खिशात टाकली. हेड ऑफिसला सेफ्टीचं वेगळं पद नको होतं, हे माझ्या कानावर आलं होतं.

प्लँट हेड खाली आले. लाइन थांबली तर ऑर्डर दुसरीकडे जाईल आणि जबाबदारी माझी, असं त्यांनी सुनावलं.

मी वाद घातला नाही. एका हातमोज्यात कॉटन वेस्ट, म्हणजे मशीन पुसायचं सूत, भरलं, काठीला बांधलं. सगळ्यांना मागे केलं आणि कुलूप काढलं. कर्टन बंदच ठेवून काठी आत धरली आणि इनचार्जला प्रेस चालवायला सांगितली. ठोका पडला. हातमोजा पापडासारखा झाला. मंगलताईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

प्लँट हेडनी काठीवरचा चपटा हातमोजा उलटून पाहिला. मग इनचार्जला म्हणाले, "कर्टनची किल्ली यांच्याकडे द्या."

माल उशिरा गेला. कस्टमर ओरडला, पण ऑर्डर टिकली. मंगलताईंच्या कॉन्ट्रॅक्टची मुदत संपल्यावर मात्र ती वाढवली नाही. आता त्या राहू गावाकडे एका गुऱ्हाळावर कामाला जातात. माझं पद राहिलं, पण तेही मुदतीचं झालं.

ऑर्डर कमी झाल्या की बंद मशीनची काळजी सगळेच करतात. मी आधी चालू मशीन बघून येतो.