पान एकशे बारावरची पट्टी

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळगावात हयातीचा दाखला द्यायला बँकेच्या रांगेत उभा होतो. हातात मी जिवंत असल्याचा कागद आणि कानाशी अक्कांच्या भाचीचा आवाज : "मामा, अक्का गेली... सकाळी चहा घेतला आणि बसल्या जागीच." रांग सोडून मी धुळ्याची बस धरली. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा खिडकीतून आमच्या शाळेचा रस्ता दिसला. त्या शाळेत अक्कांनी आणि मी अकरा वर्षं एकत्र शिकवलं. खरं सांगतो, त्या प्रवासात माझ्या मनात आधी दुःख आलं नाही. आली ती भीती. वाटलं, आता सांगायचं राहिलं ते राहिलंच.

निवृत्तीनंतर अक्का धुळ्यात देवपूरला राहायला गेल्या आणि कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशी देवीच्या, गाण्यांच्या मागे लागल्या. श्रावणात ज्या घरी कानबाई बसणार त्या घरी या आदल्या दिवशीच हजर. रोटाचं, म्हणजे देवीच्या प्रसादाच्या पोळ्यांचं, दळण निवडायला बायकांच्या ओळीत बसायच्या, गप्पा मारता मारता गाणी काढून घ्यायच्या. वही पदराखाली. मी चेष्टा करायचो, "अक्का, भाऊबंदांनीच खायचा हा रोट खाता खाता तुम्ही सगळ्या खानदेशच्या भाऊबंद झालात." त्या हसायच्या नाहीत, म्हणायच्या, "भाऊ, या बायका गेल्या की गाणीही गेली. चेष्टा नंतर करा."

त्या गाणाऱ्या बायकांमध्ये एक जण होती. तिचं नाव आणि गाव मी लिहिणार नाही, कारण या लेखातलं सगळं दुखणं त्या नावगावाचंच आहे. लहान वयात लग्न झालेलं, सासरी मार. एका पहाटे ती नेसत्या लुगड्यानिशी निघाली ती थेट दुसऱ्या तालुक्यात. तिथे पुढे दुसरं घर झालं, मुलं झाली, सून आली. पहिल्या घरच्यांना ती कुठे आहे हे कळलं नव्हतं, आणि नव्या गावाला पहिलं घर होतं हेच माहीत नव्हतं. चाळीस गाणी तिच्या एकटीच्या गळ्यात होती. तिने अक्कांना एकच अट घातली : गाणं घ्या, गोष्ट घ्या, नाव घेऊ नका. अक्कांनी कानबाई म्हणून पुजलेल्या नारळाला हात लावून शब्द दिला.

आणि तरी अक्कांच्या गाण्यांच्या पुस्तकात नाव छापलं गेलं. अक्कांनी स्वतःच्या आठवणीसाठी वहीत ते गावासकट कंसात लिहिलं होतं. टाइप करणाऱ्याने जसंच्या तसं घेतलं. प्रुफं अक्कांनी तपासली, मीही तपासली, आणि दोघांचीही नजर त्या ओळीवरून घसरली. छपाई जळगावात झाली होती, म्हणून पहिली प्रत मीच उचलली. बाकीचे गठ्ठे देवपूरला पोचले आणि दुपारी अक्कांनी पान एकशे बारा उघडलं. पुढचे चार दिवस त्यांच्या ओट्यावर गव्हाच्या पिठाची खळ शिजत होती. गल्लीतल्या बायका जमवून त्यांनी पाचशे प्रतींमधल्या त्या ओळीवर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली. प्रत्येक पट्टी स्वतः कापली. एक पट्टी पाकिटात घालून मला पाठवली, सोबत चिठ्ठी : "भाऊ, ही तुमच्या प्रतीला लावा. आजच." मी ती पट्टी त्याच पानात खूण म्हणून ठेवली. उद्या लावू म्हटलं. आमच्याकडे उद्याचं काय होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे.

माझी बहीण सुरतेला असते. तिच्या सोसायटीत सगळी आपलीच मंडळी, दरवर्षी कानबाई बसवतात, पण नव्या सुनांना गाणी येत नाहीत. तिने फोन केला, भाऊ, पुस्तक पाठव. कुरिअर वेळेत पोचणार नव्हतं. म्हणून मी गच्चीवर उन्हात बसून एकशे साठ पानांचे फोटो काढले, शेजाऱ्याकडून त्यांची पीडीएफ करून घेतली आणि पाठवून दिली. पान एकशे बारा आलं तेव्हा पट्टी बाजूला सरकवली, कारण तिची सावली पडत होती. याला चोरी म्हणतात हे माझ्या डोक्यातही आलं नाही. उलट वाटलं, अक्कांचं नाव सुरतेपर्यंत गेलं.

महिनाभरात ती फाइल खानदेशातल्या प्रत्येक ग्रुपवर होती. कुणी तिच्यावर स्वतःच्या चॅनेलचा शिक्का मारला, कुणी अक्कांचं नावच कापलं. पान एकशे बारा मात्र कुणी कापलं नाही. एके दिवशी त्या बाईच्या दारात जीप थांबली. पहिल्या घरचे दोघे जण उतरले आणि सुनेसमोर मोबाइल धरून विचारू लागले, ही तूच ना? त्या दिवसापासून गावात तिला गायला बोलावणं बंद झालं.

अक्कांनी मला देवपूरला बोलावून घेतलं. मी गेलो. वाटलं, आता विचारतील. त्यांनी विचारलं नाही. वही उघडली, तिच्यात ग्रुप चालवणाऱ्यांचे नंबर होते, आणि एकेकाला फोन लावू लागल्या. "मी ते पुस्तक लिहिणारी बाई बोलतेय. तुमच्या ग्रुपवरची फाइल काढा." कुणी लगेच काढली. बरेच जण म्हणाले, अक्का, आम्ही तर तुमचा प्रचार करतोय. एकाने उलट ऐकवलं की अहिराणीवर कुणाची मालकी नाही. भाचीने इंग्रजीतून तक्रारी भरल्या. एक चॅनेल बंद पडलं आणि चार दिवसांत दुसऱ्या नावाने उघडलं. शेवटी आम्ही पोलिसांत गेलो. तिथल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "पहिल्यांदा कुणी टाकलं, माहीत आहे का?" मी टेबलाच्या कडेकडे पाहत होतो. "नाही," अक्का म्हणाल्या. "कोणावर संशय?" "नाही, साहेब."

बाहेर येऊन आम्ही पांझरा नदीच्या पुलापर्यंत चालत गेलो. मग त्या म्हणाल्या, "ही फाइल मरणार नाही, भाऊ. मग हिच्यापेक्षा चांगली फाइल सोडायची." महिनाभर बसून त्यांनी नवी प्रत केली, त्या ओळीशिवाय. प्रत्येक गाण्याबरोबर स्वतःच्या घोगऱ्या आवाजातली चाल जोडली. पहिल्या पानावर लिहिलं : जुनी प्रत चुकीची आहे, ती पुसा, ही फुकट घ्या, हवी तितकी वाटा. पंधरा वर्षांचं काम त्यांनी असं मोकळं सोडून दिलं. फाइल माझ्या मोबाइलवर टाकून त्या म्हणाल्या, "पहिलं सुरतला पाठवा."

एवढंच. वर पाहिलंही नाही. पट्टी नसलेली प्रत सगळ्या जगात एकच होती, हे त्यांना पहिल्या दिवसापासून कळलेलं असणार. मला मात्र ते कळायला ते वाक्य लागलं. तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी "बरं" म्हणालो आणि फाइल पाठवली. चालीमुळे बायकांनी नवी प्रत उचलली, जुनी हळूहळू मागे पडली. पुढे दोन वर्षं आम्ही भेटत राहिलो, पावसापाण्याचं बोलत राहिलो, आणि मी दर वेळी उद्यावर ढकलत राहिलो.

तेराव्यानंतर मी पुस्तक पिशवीत घालून त्या बाईच्या गावी गेलो. ओट्यावर बसलो, पाणी घेतलं आणि सांगून टाकलं की फोटो मी काढले, पट्टी मी लावली नाही. शिव्या खायची तयारी होती. ती बोटांनी लुगड्याचा काठ चोळू लागली.

"माले वाटे, माले बठ्ठं माहीत शे," ती म्हणाली. "अक्का सोता ईसन सांगी गयी. मनाच हातनी चुकी व्हयनी म्हने. दर श्रावनमा ये, आठेच बसे. तुनं नाव तिनी कधी लिधं नही."

अक्कांनी माझं नाव न घेता सगळी चूक स्वतःवर घेतली होती. मला तिच्याकडे बघवेना. तिने विचारलं की ती पट्टी कुठे आहे. मी पान एकशे बारा उघडलं. पट्टी तिथेच होती, कडेने थोडी पिवळी पडलेली. ती उठून आत गेली आणि वाटीत पीठ कालवून, चुलीवर गरम करून घेऊन आली.

"आते लाई दे," ती म्हणाली.

हे लिहू का, असं मी तिला विचारलं होतं. लिही म्हणाली, अट तीच. उद्या कुणी या लेखाचाही फोटो काढून फिरवेल. खुशाल फिरवा, यात नाव नाही. त्या दिवशी मी बोटाने खळ लावली, पट्टी बसवली, तळव्याने दाबली. कागद ओला होता तोवर खालची अक्षरं वर दिसत होती. पट्टी वाळेपर्यंत आम्ही दोघं ओट्यावर बसून राहिलो.