चाखलेला घास

मांजर आणायचं तर पोत्यात घालून आणावं, म्हणजे त्याला परतीची वाट कळत नाही, असं आंबागडात मानतात. म्हणून तेजरामने बहिणीसाठी मांजर आणलं ते युरियाच्या रिकाम्या पोत्यात. आंबागडाहून तुमसर, तुमसरहून भंडारा, भंडाऱ्याहून अड्याळ, अशा तीन एसट्या त्याने बदलल्या आणि मांजराने तिन्ही एसट्यांतल्या लोकांचे कान किटवले. भर दुपारी अड्याळला उतरून त्याने पोतं रुखमिणीच्या हातात दिलं आणि म्हणाला, "घे बाई. माहेरची हाय, सांभाळ."

रुखमिणीने पोत्याचं तोंड लगेच सोडलं नाही. तिने आधी आतल्या खोलीकडे कान दिला. तिथे खाटेवर मनकर्णाबाई पडून होत्या आणि त्यांच्या पायाशी, गोधडीच्या खळग्यात, काबरी.

मनकर्णाबाई म्हणजे रुखमिणीची सवत. नवरा सोमाजी एकाहत्तर साली गेला आणि त्याच्यामागे दोघी एकाच घरात, बोडीखालची, म्हणजे लहान तळ्याच्या पाण्यावरची, धानाची शेती बटईने देऊन राहत होत्या. सोमाजीच्या दहाव्याच्या दिवशी गोठ्यात सापडलेलं पिल्लू म्हणजे काबरी. त्याला आता बारा वर्षं झाली. काबरीचे दात जवळजवळ गेले होते, एका डोळ्यावर पांढरा सारा आला होता, आणि उंदीर तिच्या नाकासमोरून गेला तरी ती नुसती मिशी हलवायची. मनकर्णाबाई सहासष्ट वर्षांच्या, वर्षभरापासून खाटेला खिळलेल्या, दोन्ही डोळ्यांनी जवळजवळ आंधळ्या. दोघींचं पोटचं मूल काय ते हे मांजर.

"काय आणलं तेजरामनं? ओरडून राहिलं कायतरी," आतून आवाज आला.

"मांजर हाय, मोठीबाई. उंदरायनं बियाण्याचं धान नासवून टाकलं."

"काबरी हाय ना."

"काबरीले आता दिसत नाही."

"मलेही दिसत नाही," मनकर्णाबाई म्हणाल्या.

रुखमिणी पोतं घेऊन ढोलीच्या खोलीत गेली. कुंपणापलीकडून शेजारीण बेबीबाईने तेवढ्यात म्हणून घेतलं, "मांजरीले सवत आणली म्हणा की." बेबीबाईच्या मनात काही नसतं, पण जिभेला हाड नाही. एरवी रुखमिणी हसली असती. त्या दिवशी तिला हसू आलं नाही.

ढोलीची खोली म्हणजे मागची अंधारी खोली. तिथे बांबूची, शेणामातीने लिंपलेली मोठी ढोली होती आणि तिच्यात पुढच्या पेरणीचं धान. उंदरांनी ढोलीला बुडातून भोक पाडलं होतं. रुखमिणीने ते तीनदा लिंपलं, त्यांनी चौथ्यांदा पाडलं. तेव्हा पंधरा दिवसांमागे बाजाराच्या दिवशी तिने उंदरांचं औषध आणलं, गव्हाच्या पिठात कालवलं, आणि गोळ्या करून ढोलीच्या बुडाशी ठेवल्या. काबरी तिकडे जाऊ नये म्हणून दाराला कडी घातली. काबरी दाराबाहेर बसून नखं घासत राहिली. "तिले काहून कोंडलं बाहेर?" मनकर्णाबाईंनी विचारलं, तर रुखमिणी म्हणाली, "ढोलीवर मुतून राहिली जी ती." काबरीने उभ्या जन्मात असा घाणेरडेपणा केला नव्हता.

आता मांजर ठेवायचं म्हणून रुखमिणीने खोली कोपरान् कोपरा झाडली, गोळ्या उचलल्या आणि परसात खोल पुरल्या. ठेवल्या होत्या तेवढ्या सापडल्या नाहीत. उंदरांनी खाल्ल्या असतील, त्यासाठीच तर ठेवल्या होत्या, असं म्हणून तिने विषय सोडून दिला. उंदीर मिळालं ते सगळं तिथंच खात नाही, बिळात नेऊन साठवतो, हे धानाच्या घरात जन्म गेलेल्या बाईला माहीत नव्हतं असं नाही. पण एक काळजी मिटली की माणूस दुसरी शोधायला जात नाही.

पण औषधाची गोष्ट तिने मनकर्णाबाईंपासून लपवली कशाला? म्हातारं माणूस, उगाच घोर नको, असं ती स्वतःला सांगत होती. खरं कारण जुनं होतं.

बावन्न साली रुखमिणी या घरात आली ती सतरा वर्षांची. मनकर्णाबाईंना पंधरा वर्षांत मूल झालं नाही म्हणून सोमाजीने दुसरी केली. पुढे रुखमिणीलाही झालं नाही, म्हणजे खोट कोणाची होती हे गावाला कळायला हवं होतं. पण गाव अशा वेळी बरोबर दुसरीकडे बघतं. नवी आली त्याच दिवशी मनकर्णाबाईंनी परसात आपली वेगळी चूल मांडली. सवत जेवणातून काही चारते, अशा गोष्टी ऐकतच त्या लहानाच्या मोठ्या झालेल्या. त्यांनी रुखमिणीच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही, आणि असं एक वर्ष गेलं. घरात दोन चुली, मधे एक भिंत, आणि भिंतीच्या दोन अंगांना दोघी जेवायच्या. एकमेकींच्या भांड्यांचे आवाज तेवढे ऐकू यायचे.

मग दुसऱ्या सालच्या रोवण्यात, धानाच्या लावणीच्या दिवसांत, मनकर्णाबाई हिवतापाने पडल्या. सोमाजी शेतावर, बांधीत. चूल पेटवायला कोणी नाही. रुखमिणीने तांदळाची पेज केली, वाटी घेऊन त्यांच्यासमोर बसली, आणि काही न बोलता पहिला घोट स्वतः घेतला. गिळला. तोंड उघडून दाखवलं. मनकर्णाबाई तापाच्या डोळ्यांनी तिच्याकडे घटकाभर बघत राहिल्या, ही पडते की काय म्हणून. ती पडली नाही. तेव्हा त्यांनी वाटी तोंडाला लावली.

पुढे चार महिने रुखमिणी प्रत्येक ताटातला पहिला घास त्यांच्यासमोर खायची. दिवाळीच्या सुमारास एक दिवस मनकर्णाबाई म्हणाल्या, "आता चाखू नोको, लहाने. रोज उष्टं काहून खाऊ मी?" आणि परसातली चूल त्यांनी आपल्या हाताने फोडली. तेव्हा रुखमिणीने देवघरातल्या दिव्यावर हात ठेवून सांगितलं होतं, तुमाले सांगतल्याबिगर या घरात खायाप्यायाचं काही ठेवणार नाही. तीस वर्षं तिने ते पाळलं. लोणच्याची बरणी भरली तरी सांगायची. म्हणून तर विषाची गोष्ट सांगायला तिची जीभ रेटेना. विष हा शब्द त्या घरात कोणी काढत नसे.

मांजर आणलं तर खरं, पण जुनीपुढे नवी नेऊन सोडली की जुनी घर सोडून जाते, हे रुखमिणीने पाहिलं होतं. आणि काबरी गेली तर मनकर्णाबाई किती दिवस काढतील, हा हिशेब तिला करवत नव्हता. तिने घाई केली नाही. नवीला ढोलीच्या खोलीतच ठेवलं. पंजांना तूप चोळलं, म्हणजे ती चाटत बसेल आणि जागा आपली मानेल. एकाच चुलीची राख दोघींच्या पाठीला लावली. मग दाराच्या आत नवीची वाटी आणि बाहेर काबरीची, अशा दोन वाट्यांत दुधात कालवलेला भात ठेवून ती मधे उंबऱ्यावर बसायची. काबरी गुरगुरायची, फिस्कारायची, अन्न सोडून गोधडीत जाऊन तोंड खुपसायची. रुखमिणी तिच्यामागे वाटी घेऊन जायची. "असंच असते," ती काबरीला समजवायची. "भिंत हाय ना मधे. तू तुह्यं खाय."

दर दोन दिवसांनी ती वाट्या वीतभर जवळ आणायची. मग दार उघडं ठेवून मधे सूप आडवं धरलं. मग सूपही काढलं. मनकर्णाबाई खाटेवरून विचारायच्या, "जेवली का?" आणि रुखमिणी सांगायची, "अर्धी जेवली." दुसऱ्या दिवशी, "पाऊण." घरात दुसरा विषयच उरला नाही. बेबीबाई म्हणायची, पोरीच्या सासरची बोलणी करावी तशी या दोघी मांजरांची करून राहिल्या.

वैशाख संपत आला तेव्हाची सकाळ. नवी ढोलीमागून एक उंदीर तोंडात धरून आली. पहिलीच शिकार. अंगणातल्या सावलीत काबरी पडली होती. तिने वास घेतला, उठली आणि घशातून जुना, खोल आवाज काढला. नवी थांबली. मग तिने उंदीर काबरीपुढे जमिनीवर ठेवला, चार पावलं मागे सरली आणि अंग आक्रसून बसली. काबरीने तो उरल्यासुरल्या दातांनी कसाबसा फोडला आणि खाल्ला. पोटाकडचा मऊ भाग आधी.

रुखमिणी धावतच आत गेली. "मोठीबाई, नवीनं काबरीले उंदीर आणून देला. खाल्ला तिनं!"

मनकर्णाबाई हसल्या. कित्येक महिन्यांत त्या हसल्या नव्हत्या. "मंग शहानी हाय म्हणा तुह्या माहेरची," म्हणाल्या, आणि त्या दिवशी वरणभाताचे दोन घास जास्त जेवल्या. रुखमिणीला वाटलं, जमलं. आता मांजरी एकमेकींत राहतील, आपण दोघीही राहू, बियाणंही राहील. एवढं सुख तिला त्या घरात फार वेळा झालं नव्हतं.

दुपारी काबरीच्या तोंडातून फेस आला. ती उठायला गेली तर मागचे पाय लुळे पडले. रुखमिणीने तिला मांडीवर घेतलं, तोंडात दूध घातलं, ते बाहेर आलं. आणि तेव्हा तिला सकाळचा उंदीर आठवला. जमिनीवर ठेवला तरी तो पळाला नव्हता. नवीच्या तोंडात त्याने धडपडही केली नव्हती. दिवा लावायच्या वेळेला काबरी तिच्या मांडीवरच गेली.

बेबीबाई आली, बघितलं, सगळं ऐकून घेतलं. ती हळूच म्हणाली, "म्हणा म्हातारी होती, मेली. खोटं थोडीच हाय." तेही खरंच होतं. बारा वर्षांचं मांजर. कोणीही मानलं असतं. रुखमिणीला तसंच सांगायचं होतं, तिने ठरवलंही होतं. ती आत गेली. मनकर्णाबाईंचा हात गोधडीवर काबरीची जागा चाचपत होता.

"कायनं गेली?" त्यांनी विचारलं. त्यांना बाहेरचं सारं ऐकू आलं होतं की नाही, कोण जाणे.

रुखमिणीने सांगितलं. बाजारातून आणलेलं औषध, गोळ्या, न सापडलेल्या गोळ्या, उंदीर. सगळं.

"कवा ठेवलं होतं?"

"चैतात."

"दार बंद होतं तवा?"

"हो."

"मुतते म्हणून सांगतलं होतं तू."

"हो," रुखमिणी म्हणाली. "चुकलं माह्यं, मोठीबाई."

मनकर्णाबाईंनी गोधडीवरचा हात आत घेतला.

त्या रात्री त्या जेवल्या नाहीत, ते दुःखाने असेल. दुसऱ्या दिवशी सकाळीही "भूक नाही" म्हणाल्या. दुपारी बेबीबाई वाटीभर पेज घेऊन आली, तिच्या हातची मात्र त्यांनी सगळी घेतली. रुखमिणीने ते दारातून पाहिलं. आपण तीस वर्षांमागे ज्या भिंतीपलीकडे होतो तिथेच पुन्हा आलो, हे तिला तेव्हा कळलं. मनकर्णाबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या भांडल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या, निवल्या असत्या. पण ही भीती होती. म्हातारपणी, आंधळेपणी, उठता येत नाही अशा वेळी आलेली भीती. तिला रुखमिणी काय समजावणार?

तिसऱ्या दिवशी तिने पेज केली. खाटेशी बसली. पहिला घोट स्वतः घेतला, गिळला, आणि तोंड उघडून दाखवलं. मग तिच्या लक्षात आलं की समोरचे डोळे बघत नाहीत. तेव्हा तिने मनकर्णाबाईंचा हात धरला, आपल्या गळ्यावर ठेवला आणि दुसरा घोट घेतला. गळ्याची हालचाल त्यांच्या बोटांखाली झाली. तिसरा घेतला. मनकर्णाबाईंनी हात काढला नाही. बराच वेळ तो तिथेच होता, नुसत्या हाडांचा आणि गार.

"तू जेव, लहाने," त्या शेवटी म्हणाल्या. "मले नोको."

रुखमिणीने सगळी वाटी तिथेच बसून संपवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती गिळत होती.

त्यानंतर बेबीबाईच वाटी आणायची. बेबीबाईला रोवण्यात वेळ झाला की मनकर्णाबाई उपाशी राहायच्या, पण मागायच्या नाहीत. रुखमिणी त्यांचं अंग पुसायची, कूस बदलायची, केस विंचरायची. ते सगळं त्या करू देत. तोंडापाशी हात आला की तेवढी मान वळवायच्या. नवी मांजर मात्र आपण होऊन त्यांच्या पायाशी, काबरीच्या खळग्यात निजायला लागली. तिला त्यांनी एकदाही हाकललं नाही.

रोवणे संपता संपता मनकर्णाबाई गेल्या. शेवटच्या सकाळी बेबीबाई बांधीत होती आणि श्वास लागलेला. रुखमिणीने पळीभर पाणी ओठांशी नेलं. त्यांनी तोंड उघडलं आणि पाणी घेतलं. कोणाच्या हातचं आहे हे ओळखून घेतलं, की ओळखण्याची शुद्धच उरली नव्हती, हे रुखमिणीला कधीच कळलं नाही. विचारायला आता कोणी नाही.

ढोलीला त्यानंतर भोक पडलं नाही. नवी चांगली निघाली, तेजराम आला की तिची तारीफ करतो. रुखमिणी तिला सकाळ-संध्याकाळ वाटीत दूध घालते. घालण्याआधी वाटी आपल्या तोंडाला लावते, एक घोट घेते आणि गिळते. मांजर समोर बसून बघतं, आणि मगच ती वाटी खाली ठेवते.