बसऱ्याला पाठवलेला निकाल

आमच्या घरी रविवारी निकाल लागायचा. शाळेचा नाही, कोर्टाचा नाही, जगाचा. विहारातली वंदना आटोपून बाबा घरी येत, पांढरा सदरा खुंटीला अडकवत आणि शेजारच्या मास्तरांकडून मागून आणलेला पेपर माझ्यापुढं टाकत. मी मोठ्यानं वाचायचे. आई तांदूळ निवडता निवडता ऐकायची, भाऊ दाराशी आरसा टांगून दाढी करायचा. वाचून झालं की बाबा म्हणत, "हं, आता निकाल दे." मग कोण खरं, कोण खोटं आणि पुढं काय होणार, ते मी सांगायचं. 'पाहू', 'असंही होईल, तसंही होईल' ही भाषा चालत नसे.

बाबा गिरणीत कामाला, चौथी शिकलेले. छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली तेव्हा मी आईच्या कडेवर होते. त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती, की घरात जो जास्त शिकेल त्याचा शब्द शेवटचा. जास्त शिकले मी. भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्यानं आयटीआय करून वेल्डिंग धरलं, कारण दोघांना कॉलेजात धाडणं बाबांना जमणारं नव्हतं. याचं त्याला वाईट वाटलं असेल तर त्यानं कधी दाखवलं नाही. उलट वस्तीत कोणी मला तोंडाळ पोट्टी म्हटलं, की तो त्याच्या अंगावर धावून जायचा. तोंडाळ तर मी होतेच. उचलली जीभ, लावली टाळ्याला. आणि घरात या जिभेचं इतकं कौतुक, की तिला लगाम घालायचं कोणाला सुचलं नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात मी एम.ए.ला होते. त्या साली अमेरिकेच्या अध्यक्षानं पश्चिम आशियातल्या दोन जुन्या वैऱ्यांना एकत्र बसवून समझोता घडवला होता, आणि आमच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धेला तोच विषय ठेवला: या अध्यक्षाच्या धोरणामुळे त्या भागात शांतता नांदेल. विषय महिनाभर आधी कळायचा, पण बाजूनं बोलायचं की विरोधात, ते स्पर्धेच्या दिवशी चिठ्ठी उचलून ठरायचं. मी तयारी केली होती विरोधाची. माझं मनापासून मत होतं, की हा माणूस एका कोपऱ्यात आग विझवतो आणि दुसऱ्या कोपऱ्यात निखारे राखेखाली झाकून ठेवतो. तिकडं तेलाच्याच एका देशात एक राजा स्वतःच्या लोकांनी तुरुंग भरत होता आणि हा त्याच राजाच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढत होता. असल्या राजाचं घर किती दिवस टिकतं? हे सगळं मी वहीत उतरवून काढलं होतं, आणि चिठ्ठी उघडली तर 'बाजूने'.

वीस मिनिटं हातात होती. मी वही मिटली आणि सगळं उलटं फिरवलं. बोलायला उभी राहिले तेव्हा माझंच मला पटायला लागलं. ज्या अध्यक्षाला तेलाची इतकी गरज आहे तो तेलाच्या दारात आग लागू देणारच नाही, असं मी टेबलावर बोट आपटून सांगितलं आणि सभागृहात टाळ्या पडल्या. फिरती ढाल मला मिळाली. बाबांनी ती दोन्ही हातांनी धरून वस्तीभर दाखवली. चिठ्ठीचं मी घरी बोलले नाही. मुद्दाम लपवलं असं नाही, पण बोलले नाही हे खरं.

त्याच सुमारास भावाचं काम संपलं. तो नागपूरजवळ कोराडीला वीज केंद्राच्या उभारणीत एका ठेकेदाराकडे होता. संध्याकाळी बसमधून उतरायचा तेव्हा भुवयांवर राख असायची. ठेकेदाराच्या वाट्याचा तुकडा पुरा झाला आणि चाळीसेक वेल्डर घरी बसले. तेवढ्यात मुंबईचा एक एजंट इराकमधल्या बसऱ्यासाठी वेल्डर निवडायला आला. दोन वर्षांचं काम, पाइपलाइनचं. भावाची निवड झाली. आई मात्र अन्न सोडून बसली.

जानेवारीतला तो रविवार मला अजून जसाच्या तसा दिसतो. पेपरात आलं होतं, की तो राजा देश सोडून पळाला. मी वाचलं. बाबांनी विचारलं, तो देश आणि बसरा यांच्यात अंतर किती. मी ॲटलास काढला. मधे एक नदी होती आणि तिच्या पलीकडं लगेच तो देश. आई तांदळाचं सूप खाली ठेवून म्हणाली, "शेजारच्या घराले आग लागली, अन् तुमी पोराले तिथंच राहाले धाडून राहिले?" असं ती क्वचितच बोलायची. बाबा माझ्याकडं वळले आणि म्हणाले, "तू सांग. त्या मानसावर तं तू ढाल जिंकली हायेस. काय निकाल?"

माझ्या वहीतलं भाकीत त्या पेपरात छापून आलं होतं. राजा गेला होता. मला तेवढंच म्हणायचं होतं. पण ढाल भिंतीवर होती, बाबांचा चेहरा उजळलेला होता, भाऊ दाढीचा साबण तसाच ठेवून माझ्याकडं बघत होता, आणि त्याला जायचं होतं हे मला दिसत होतं. मी म्हणाले, राजा जातो, राजा येतो. तो अध्यक्ष त्या भागात मोठी आग लागू देणार नाही. जाऊ द्या. आईनं सूप उचललं आणि ती पुन्हा तांदूळ निवडू लागली.

स्टेशनवर मला राहवेना. आईबाबा जरा मागं होते. मी भावाला सगळं सांगून टाकलं, की त्या दिवशी मला चिठ्ठीत ती बाजू आली होती, दुसरी आली असती तर मी नेमकं उलटं बोलले असते.

"पन जिंकली असती ना?" त्यानं विचारलं.

"हो."

"मंग झालं तं," तो हसून म्हणाला आणि ट्रंक उचलून डब्यात चढला. मी फलाटावर मूर्खासारखी उभी. त्याला वाटलं मी नम्रपणा दाखवते आहे.

त्याची पत्रं नेमानं यायची. खजुराची झाडं, खारट पाणी, रामटेककडचा एक फिटर खोलीत आहे, तो भात चांगला करतो. मी इकडून लांबलचक पत्रं लिहायचे आणि शेवटी आठवड्याचा निकालही लिहायचे, सवयच ती. तो खोलीतल्या सगळ्यांना ते वाचून दाखवायचा. 'तुह्या निकालाची इथं वाट पाहतात,' असं त्यानं एकदा लिहिलं, आणि खोटं कशाला बोलू, मी ते पत्र मैत्रिणींना दाखवत फिरले.

इकडं पेपर दर रविवारी जास्त काळा होत चालला. शेजारच्या त्या देशात अमेरिकेचे वकिलातीतले लोक ओलीस धरले गेले. मग ऐंशीच्या एप्रिलात त्यांना सोडवायला अध्यक्षानं हेलिकॉप्टरं धाडली, ती वाळवंटातच कोसळली. ती बातमी वाचताना माझा आवाज अडखळला. ज्याला आपली स्वतःची माणसं आणता येत नाहीत, तो दुसऱ्याच्या दारातली आग काय विझवणार? बाबा म्हणाले, "निकाल?" मी म्हणाले, चुकला, पण सावरेल. माझा स्वतःच्याच निकालावर विश्वास उरला नव्हता आणि ते कोणाला सांगायची सोय नव्हती, कारण सांगायचं म्हणजे आधीचं सगळं सांगायचं.

ऑगस्टात भावाचं पत्र आलं. नेहमीपेक्षा लहान, अक्षर घाईचं. सरहद्दीवर गोळीबार ऐकू येतो, काहीजण परत जायचं म्हणतात. करार डिसेंबरात संपतो. आधी निघालं तर कंपनी पुन्हा कामावर घेणार नाही. खोलीतले सगळे विचारतात, तुझी बहीण काय म्हणते. खाली एकच ओळ: 'लवकर कळव, मी तुह्या शब्दावर हाय.'

हे पत्र मी बाबांना वाचून दाखवलं नाही. पहिल्यांदाच. आई घाबरेल म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण असं, की बाबांसमोर माझी जीभ आता अडखळायची आणि कागदावर अडखळत नसे. मी कॉलेजच्या लायब्ररीत बसून उत्तर लिहिलं. फार छान लिहिलं. नोव्हेंबरात अमेरिकेत निवडणूक आहे, अध्यक्षाची खुर्ची डळमळते आहे, अशा वेळी तेलाच्या गावात लढाई पेटली तर तो निवडून येणार नाही. म्हणून काहीही करून तो ती पेटू देणार नाही, आणि चुकून पेटलीच तर आठ दिवसांत थांबवेल. तेव्हा गडबडून निघू नका, डिसेंबरपर्यंत थांबा. एक, दोन, तीन असे मुद्देही पाडले होते. हवाई पत्र थुंकी लावून चिकटवलं आणि पेटीत टाकलं. पेटीच्या तोंडाशी हात क्षणभर थांबला होता. का थांबला ते मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

सप्टेंबर सरता सरता इराक आणि त्या शेजारच्या देशात लढाई पेटली. रेडिओवर बसऱ्याचं नाव रोज येऊ लागलं. बाबा गिरणीतून आले की हातपाय न धुता रेडिओपाशी बसत. आठ दिवस झाले, मी मोजत होते. नववा दिवस उजाडला, दहावा उजाडला. कोणी काही थांबवलं नाही. त्या अध्यक्षाला बहुधा आपल्या ओलिसांपुढं दुसरं काही दिसतच नव्हतं, आणि बसऱ्यात पाइप जोडणारे नागपूरचे वेल्डर तर त्याच्या कोणत्याच नकाशावर नव्हते. माझ्या वहीत ते होते का? तिथंही नव्हते. राजे होते, तेल होतं, निवडणूक होती.

दसरा झाल्यावर एका दुपारी रामटेकचा तो फिटर आमच्या दारात आला. खोलीतला, भात चांगला करणारा. गालफडं बसलेली, पायात दोन वेगवेगळ्या चपला. बाबांनी त्याला खाटेवर बसवलं, आईनं पाणी दिलं आणि ती आतल्या दारात उभी राहिली. तो एकटाच का आला, हे विचारायचा धीर कोणालाच होईना.

तोच बोलायला लागला. पहिले दोन दिवस विमानं नदीवर घिरट्या घालत होती. तिसऱ्या दिवशी कंपनीच्या ट्रका आल्या, सगळ्यांना कुवेतच्या सरहद्दीवर नेऊन सोडणार होत्या. सगळे धावले. भावानं खिशातून माझं पत्र काढलं.

"त्यानं आमाले वाचून दाखोलं," फिटर मला म्हणाला. "आठ दिवसांत थांबते म्हने, गडबडू नोका. त्याचं मन पक्कं होतं. तो अन् आणखी एक जन थांबले. मी चढलो. पन बाई, माह्या मनातही थांबाचंच होतं. लय बराबर लिहिलं होतं तुमी."

नंतर कुवेतच्या छावणीत त्यानं ऐकलं, की त्यांच्या राहायच्या जागेवर बॉम्ब पडला. त्यानं स्वतः पाहिलं नव्हतं, पाहिलेला कोणी त्याला भेटलाही नव्हता. एवढं सांगून त्यानं उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

बाबा हळूच माझ्याकडं वळले. "कोन्तं पत्र?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. ऑगस्टातलं भावाचं पत्र, मी ते लपवलं, उत्तरात काय लिहिलं, आणि सुरू झालंच होतं म्हणून चिठ्ठीचंही सांगितलं. मला कोणीतरी मारावं असं वाटत होतं. बाबांनी हात उचलला नाही, आवाज चढवला नाही. ते एवढंच म्हणाले, "तुले माहीत नोहतं, तं तसं काहून नाही लिहिलं?" आमच्या घरात 'मला माहीत नाही' हे वाक्य मी कधी बोललेच नव्हते, आणि ते बोलू न देणारे बाबाच होते, हे त्यांनाही त्या क्षणी कळलं असावं, कारण त्यांनी मान खाली घातली.

तेव्हा आई दारातून पुढं आली. इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडं एकदाही निकाल मागितला नव्हता. तिनं माझा दंड धरला आणि विचारलं, "तो येईन ना वं?"

फिटर माझ्याकडं बघत होता. बाबा बघत नव्हते.

"येईल," मी म्हणाले. आवाज जराही अडखळला नाही. मग कारणंही दिली. बॉम्ब पडला ते कोणी पाहिलेलं नाही, लढाईत टपाल बंद असतं, माणसं कैद होतात आणि सुटून येतात. आईनं एकेका मुद्द्यावर मान हलवली, डोळे पुसले आणि पाहुण्यासाठी चहा टाकायला आत गेली.

त्या नोव्हेंबरात अध्यक्ष हरला. लढाई अजून चालू आहे. या सप्टेंबरात सहावं वर्ष लागलं. भावाकडून काही आलं नाही, दिल्लीला केलेल्या अर्जांना नाव मृतांच्या वा कैद्यांच्या कोणत्याच यादीत नसल्याचं उत्तर येतं. बाबांनी त्या दुपारनंतर मला काही विचारलेलं नाही. आई दर महिन्याला विचारते, आणि मी दर महिन्याला तेच सांगते.