शिलाचं बाळसं

नीलाबाई रोज तांड्यावरून पुसेगावात आमच्याकडे दूध घालायला यायची. डोक्यावर कासंडी, कडेवर शिला. अठ्ठ्याण्णव साली शिला दीड वर्षाची होती आणि नीलाबाईला पुन्हा दिवस गेले होते. पोटुशीचं दूध लेकराला बाधतं म्हणून तिनं शिलाला अंगावरचं तोडलं. तेव्हापासून पोर कोऱ्या चहात कुस्करलेल्या भाकरीवर होती.

"म्हशीचं देत जा की तिला थोडं," मी म्हणायचे.

"मंग तुमच्या चहात काय घालू वहिनी, पानी?" असं म्हणून ती हसायची.

श्रावणात शिलाचे गाल एकाएकी भरले. नीलाबाईनं तिच्या पायात काळा दोरा बांधला. "पायलं का, बाळसं धरलं पोरीनं! कुनाला सांगू नका, दिष्ट लागंल." अंगणवाडीच्या काट्यावरही वजन बरोबर भरलं होतं.

पण पोर हसत नव्हती. केस तांबूस, विरळ झालेले. दोरा मांसात रुतलेला. मी तिच्या पावलावर अंगठा दाबला, तर खळगा पडला आणि तसाच राहिला.

"बाळसं नाही गं, सूज आहे ही. धड अन्न पोटात नाही म्हणून आलेली. आजच हिंगोलीला ने."

ती चिडली. "उपाशी मानूस वाळतं वहिनी, फुगतं व्हय?"

तरी नवऱ्याला, देविदासला घेऊन ती गेली. दवाखान्यात शिलाला दर दोन तासांनी वाटीनं पातळ दूध पाजू लागले. चौथ्या दिवशी सूज उतरली. पोर सुधारू लागल्याची ती खूण होती. पण सुजेखालची शिला आता उघडी पडली: मोजून घ्याव्यात अशा बरगड्या, काड्यांसारखे पाय. नीलाबाईला वाटलं, चांगली भरलेली पोर यांनी चार दिवसांत वाळवली. कुणाला न सांगता ती लेकराला घेऊन एसटीत बसली.

आठवड्यानं देविदास एकटाच दूध घेऊन आला.

"शिला कशी आहे रे?"

"परवा माती दिली तिला," म्हणत तो दूध मापू लागला.

सूज गेली की हाडं दिसतात, घाबरायचं नसतं, हे मलाही पुढे डॉक्टरांकडून कळलं. आधी कळतं तर मी तिला सांगून पाठवलं असतं.

मी तांड्यावर गेले. नीलाबाई दारात बसली होती. रडत नव्हती.

"वहिनी, दवाखान्यात नेली तवा कशी गुबगुबीत व्हती माझी पोर! तुमीच सांगा या बायांना. व्हती का न्हाई?"

बाया माझ्याकडे बघत होत्या.

"होती," मी म्हणाले.